आत बसलेली माणसं

धावडा, ता. भोकरदन
१४ मार्च १९९३

चि. धर्मराज,

आक्काचा आशीर्वाद. तुझं दिवाळीचं कार्ड संक्रांतीनंतर मिळालं. त्याच्यावरची मेंढरं बघून कांता हसत व्हती. म्हणे, मामाच्या देशात माणसं दिसत न्हाईत, नुसती मेंढरंच.

तू औरंगाबादच्या मोठ्या हॉटेलात कांदे चिरत व्हता तवाच मी म्हणलं व्हतं, हा पोरगा उपाशी मरणार न्हाई. मंग मुंबई झाली, सिडनी झाली, आता हे रेल्वे हॉटेल. नाव वाचलं की मला जालन्याच्या टेशनासमोरची हॉटेलं दिसतात. गल्ल्यावर शेट, फोटोला उदबत्ती, कढईत भजे. तुझं तसंच असंल असं धरून मी गावात सांगते, माझा भाऊ ऑस्ट्रेलियात आचारी हाय.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहून राह्यले ते सांगते. तुझे दाजी. त्यांच्या हाताला गुण हाय हे तुला माहीत हाय. विहिरीवरची जळालेली मोटार त्यांनी नवी तार गुंडाळून भरून दिली की मालक तिला विसरून जातो. पण ऊन कललं की दुकानाचं शटर ओढतात आन फाट्यावर जातात. फाट्यावर देशीचा गुत्ता हाय. तिथं कचरू बँडवाला हाय, आणखी चार-दोन हायेत. अंधार पडल्यावर येतात. मारत न्हाईत, शिव्या देत न्हाईत, भिंतीकडं तोंड करून झोपतात. बाया म्हणतात, गिरजे, तू नशिबाची, अंगावर हात तरी पडत न्हाई. मी हो म्हणते. पण धर्मा, ह्या घरात मी हाय का न्हाई हे त्या माणसाला माहीत हाय का, असं मला कधीकधी वाटतं.

म्हणून म्हणते, त्यांना तुझ्याकडं बोलावून घे. तुझ्या हॉटेलात पंखे असतील, फ्रिज असतील, पाण्याची मोटार तर असंलच. पगार नको. दोन टायमाला जेवण दे आन कामाला लाव. तिथं फाटा न्हाई, कचरू न्हाई. हॉटेलात राहिले तर सुधरतील. एवढं एक कर.

तुझी
गिरिजाआक्का

---

रेल्वे हॉटेल, वॉरूला
न्यू साउथ वेल्स
२ मे १९९३

आक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

हॉटेल तुला वाटतं तसं मोठं नाही. स्टेशनासमोर आहे, पत्र्याचं छप्पर, वरच्या मजल्याला लाकडी गॅलरी. वर भाड्याच्या खोल्या आहेत, त्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत मी राहतो. मालकीण शर्लीबाई, साठीची विधवा. मी मटण भाजतो, बटाटे तळतो, वाटाणे उकडतो. पहिला महिनाभर माझ्याशी कुणी बोललं नाही. मग एक दिवस क्लॅरी नावाच्या म्हाताऱ्यानं ताट परत पाठवलं आणि म्हणाला, "वाईट नाही." इकडे वाईट नाही म्हणजे फार चांगलं. धर्मराज त्यांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून मला डॅरिल म्हणतात.

गिऱ्हाईक सगळं कष्टाचं. गव्हाच्या कोठारातले, रेल्वेच्या गँगमधले, मेंढ्यांची लोकर कापणारे. कामं सुटली की येतात, बसतात, बोलतात, जेवतात, जातात. बुटांना माती असते, कुणी काही म्हणत नाही.

दाजींचं म्हणशील तर ते जमणार नाही. व्हिसा म्हणून कागद असतो, तो मिळणं फार अवघड. आणि दाजींना इथलं मानवणारही नाही. थंडी आहे, भाषा नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. कांताच्या लग्नाचं कुठवर आलं ते कळव.

तुझा
धर्मा

---

धावडा
२० जुलै १९९३

धर्मराज,

पत्र मिळालं. मानवणार न्हाई म्हणजे काय? तुला मानवलं, त्यांना का न्हाई? व्हिसाचं तू लिहिलं ते मला कळलं न्हाई, पण तू काढता पाय घेतला ते कळलं. दारुडा मेव्हणा लोकांना दाखवायची लाज वाटत असंल तर तसं लिही.

कांताला बघायला जाफराबादचे पाहुणे आल्ते. तुझे दाजी त्या दिवशी घरी थांबतो म्हणले आन दुपारीच गेले. पाहुणे यष्टीतून उतरले तवा हे स्टँडवर बाकाच्या खाली पडलेले. कंडक्टरनं उचलून बाकावर ठेवले. पाहुण्यांनी बघितलं. घरी आले, चहा घेतला, पोरीला नाव विचारलं, आन गेले. निरोप आला न्हाई.

आता मी तुला पुन्हा काही मागणार न्हाई.

गिरिजा

---

धावडा
८ जानेवारी १९९५

धर्मा,

दीड वर्ष झालं, तुझी दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं न्हाई. आता लिहिते.

मागच्या आठवड्यात जालन्याचे सुगनचंदशेट आल्ते. आपल्या शिवारात त्यांचे कापसाच्या बियाण्याचे प्लॉट हायेत, ते बघायला जीप घेऊन आले. घर विचारत विचारत आले. म्हणले, "बाई, तुमच्या भावानं ही शाल धाडली. मी तिकडं कापूस बघायला गेल्तो. चार दिवस ब्रेड खाऊन जीव गेला. तुमच्या भावानं मला वरण-भात करून घातला, कांदा न्हाई, लसूण न्हाई, भांडं सुद्धा येगळं घासून घेतलं. शराबखान्यात बसून मी जैन जेवण जेवलो, सांगा कुणाला पटंल?"

मी म्हणलं, "शराबखाना कुठला? माझा भाऊ हॉटेलात हाय."

शेटनं जीभ चावली. म्हणले, "बाई, तिकडं त्यालाच हॉटेल म्हणतात." मंग जल्दी जल्दी पाणी पिऊन निघून गेले.

ती शाल मी दोन दिवस घडी मोडून बघितली न्हाई. मला वाटलं, ज्याच्यापासून सोडव म्हणून मी ह्याच्या पाया पडत व्हते, त्याच्यातच हा बसलाय. माझा भाऊ हॉटेलात हाय असं गावभर मीच सांगत फिरले. पण मंग एक दिवस चुलीपुढं बसले असता वाटलं, म्हणून तू त्यांना बोलावलं न्हाई. तू काढता पाय घेतला न्हाई, तू त्यांना आगीतून फुफाट्यात नेलं न्हाई. मी तुला लागेल असं लिहिलं. ते जाऊ दे.

आता मी एक विचारते. लग्न होऊन मला एवढी वर्षं झाली, कांताही आता सासरी गेली, सिल्लोडला दिली. माझा नवरा रोज ज्या दाराच्या आत जातो त्या दाराच्या आत काय हाय ते मी बघितलं न्हाई. आपल्याकडं बाईमाणूस त्या रस्त्यानं जाताना तोंडावर पदर घेतं. तू रोज आत असतो. तू दारू पाजणाऱ्यांतला हाय, शुद्धीवर असतो, तुला दिसतं. मला सांग, आत काय असतं? घरात काय न्हाई जे तिथं हाय? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको. खरं लिही.

आक्का

---

रेल्वे हॉटेल, वॉरूला
१९ फेब्रुवारी १९९५

आक्का,

तुझं पत्र मी मागच्या पायरीवर बसून वाचलं. इकडे सध्या कडक उन्हाळा आहे, संध्याकाळी सातलाही पत्रा तापलेला असतो.

पाटीवर हॉटेलच लिहिलेलं आहे. मी खोटं लिहिलं नाही, अर्धं लिहिलं. तू दाजींबद्दल लिहायचीस आणि मला पुढचं अर्धं लिहिता यायचं नाही.

आत काय असतं विचारलंस. तू नाटकासारखं काही धरून बसली असशील तर तसं काही नाही. एक लांब खोली. भिंतींना छातीपर्यंत फरश्या बसवलेल्या, पूर्वी दुकान बंद झालं की पाइपनं पाणी मारून धुवायचे म्हणे. गालिच्याचा एक तुकडा, त्याला बियरचा वास, तो कधी जाणार नाही. टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती. दारात शर्लीबाईचं म्हातारं कुत्रं, सगळे त्याला ओलांडून जातात. शुक्रवारी सोडत असते, तिकीट घ्यायचं, नंबर लागला तर परातभर मटण मिळतं. कुणी परगावचा गाडी घेऊन आलाच तर एकदा आत डोकावून पुढच्या गावाला जातो. बसण्यासारखं काही नाही. तरी तीच माणसं रोज येऊन त्याच जागी बसतात.

क्लॅरीचं तुला लिहिलं होतं. रेल्वेच्या गँगमधून रिटायर झालेला. खिडकीजवळचं स्टूल त्याचं. नवा माणूस चुकून तिथं बसला तर कुणी काही बोलत नाही, फक्त सगळे बघत राहतात, मग तो आपोआप उठतो. क्लॅरीचा मुलगा रुळाचं काम करताना गेला, बापाच्या डोळ्यांसमोर. हे मला क्लॅरीनं सांगितलं नाही, शर्लीबाईनं सांगितलं. आत बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. आणि कुणीही विचारणार नाही हे क्लॅरीला माहीत आहे. ते हवामानावर बोलतात, घोड्यांवर बोलतात, कोठाराच्या साहेबाला शिव्या देतात. घरी त्याची बायको आहे. ती चांगली आहे, पण ती मुलाचं बोलते. मला वाटतं, त्याला तेच सोसत नाही.

दुसरा ब्लू. त्याचे केस लाल आहेत म्हणून त्याला ब्लू म्हणजे निळा म्हणतात. इकडे असंच चालतं. लोकर कापून कापून चाळिशीत कंबर गेली. पाळी लावून पितात हे लोक, आज मी सगळ्यांना पाजली तर पुढची तू, मग तिसरा. आपली पाळी चुकवणाऱ्याला इथं चोरापेक्षा वाईट समजतात. ब्लू तर दुसऱ्याचीही पाळी स्वतःवर घेतो. सगळे त्याला दिलदार म्हणतात. त्याची बायको शुक्रवारी बाहेर गाडीत बसून असते. आत येत नाही. मी कागदात बटाटे बांधून तिला नेऊन देतो. ती काच खाली करते, थँक्यू म्हणते, काच वर करते. एकदा तिनं मला विचारलं, "डॅरिल, आत काय बोलतात रे ते?"

मी म्हणालो, "विशेष काही नाही."

ती म्हणाली, "मग घरी येऊन तेच विशेष काही नाही मला सांगितलं तर काय होईल?"

तुझं पत्र वाचताना तीच डोळ्यांपुढं येत होती.

घरात काय नाही जे तिथं आहे, असं तू विचारतेस. माझ्यापुरतं सांगतो. तिथं कुणी कुणाकडून काही मागत नाही. नवरा हो, बाप हो, कमावता हो, असं कुणी म्हणत नाही. स्टुलावर येऊन बसलास एवढं पुरे. थकलेल्या माणसाला ते फार वाटतं. पण त्याची किंमत बाहेर गाडीत बसलेली बाई देते, हेही मी रोज बघतो. दोन्ही खरं आहे. शर्लीबाई म्हणते, मी ह्यांना दारू विकत नाही, बसायला जागा विकते. मला ते पूर्ण पटत नाही. दारू नसती तर ही जागा एका दिवसात ओस पडली असती.

मी पितो का हे तू विचारलं नाहीस. भांडी झाल्यावर शर्लीबाईबरोबर एक ग्लास. शपथ घालू नकोस.

धर्मा

---

धावडा
१२ मे १९९५

धर्मा,

तुझं पत्र पोचलं. मी ते एवढ्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

क्लॅरीचं वाचून मी विचार करत बसले. आमच्यात काय झालं असं? आमचं कोणी मेलं न्हाई. पोरगी सुखात हाय. दुकान चाललं व्हतं. तरी हे जातात. म्हणजे जाण्यासाठी काही व्हावंच लागतं असं न्हाई. हे मला जास्त जड गेलं.

मंग मी ठरवलं, आपल्या डोळ्यानं बघायचं. गुरुवारी बाजार असतो, रस्त्याला माणूस असतं. मी पदर खोचला आन फाट्यावर गेले. दाराला पडदा हाय, हिरवा, मेणचटलेला. तो बाजूला केला. आत अंधार. दोन बाक, एक जाळीची खिडकी, तिच्यातून माल देतात. कोपऱ्यात झुंबरबाई उकडलेली अंडी आन फुटाणे घेऊन बसलेली. मला बघून तिनंच डोक्यावर पदर घेतला, जसं काय मी तिची सासू.

सगळे उभे राह्यले. धर्मा, शाळेत मास्तर आल्यावर पोरं उठतात ना, तसे. कचरूनं खांद्यावरच्या टावेलानं बाक पुसला. म्हणला, "वहिनी, बसा."

मी बसले. आता कसं करावं ते त्यांनाही कळंना आन मलाही. कुणी गिलासाला हात लावंना.

हे म्हणले, "घरी कुणाला काही झालं का?"

"न्हाई."

"मंग?"

"बघायला आले."

"काय बघायला?"

"तुम्ही कुठं असता ते."

झुंबरबाईनं मला एक अंडं सोलून दिलं. मी खाल्लं. काय करणार? मीठ जास्त व्हतं.

हे म्हणले, "बघितलं का मंग?"

मी म्हणलं, "बघितलं. चला."

ते उठून माझ्यामागं आले. रस्त्यानं सारा बाजार आमच्याकडं बघत व्हता. मारुतीच्या देवळापाशी आल्यावर म्हणले, "आता तिथं मला तोंड वर करता येणार न्हाई."

मी म्हणलं, "घरी तरी कुठं वर करता?"

मला वाटलं, लागलं असंल मनाला. दोन दिवस ते गुत्त्यावर गेले न्हाईत. मी गोड केलं, उगाच. तिसऱ्या दिवशी गेले. पण फाट्यावर न्हाई, तिथं लाज वाटती. आता भोकरदनच्या रोडला दुसरा गुत्ता हाय, तिथं जातात. कचरूही जातो. माझ्या जाण्यानं एवढंच झालं, त्यांचं चालणं वाढलं.

तू लिहिलं ते खरं हाय, आत काही न्हाई. बाक हाय आन अंधार हाय. मी एवढी वर्षं कशावर जळत व्हते ते बघून आले. सवत असती तर बरं झालं असतं, दोन शब्द बोलता आले असते तिला.

मी आता थकले धर्मा. आजपासून मी वाट बघणार न्हाई. भाकरी झाकून ठेवते आन झोपते.

आक्का

---

वॉरूला
२५ ऑगस्ट २००२

आक्का,

गावात फोन आल्यापासून आपली पत्रं बंदच पडली. फोनवर आपण पाऊस आणि तब्येत एवढंच बोलतो, आणि बोलता बोलता वेळ संपतो. परवा कांतानं सांगितलं, दाजींना लकवा झाला, उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. मग तू फोनवर आलीस आणि म्हणालीस, "बरे हायेत." तुझ्या आवाजावरून मला कळलं नाही म्हणून लिहायला बसलो.

दाजी आता घरीच असतात, दारू सुटली, असं कांता म्हणाली. तू मागितलं होतंस ते अशा तऱ्हेनं मिळालं.

तिनं आणखी एक सांगितलं, की गुत्त्यातलं एकही माणूस बघायला आलं नाही, आणि तू म्हणालीस, "बघा, हे ह्यांचे सोबती." तुला राग येणं बरोबर आहे. पण इथलं सांगतो. क्लॅरीला दोन वर्षांपूर्वी पायानं चालता येईना, म्हणून त्याला मोठ्या गावच्या वृद्धाश्रमात ठेवलं. ब्लू आणि आणखी दोघं रविवारी त्याला भेटायला जायचे. मग महिन्यातून एकदा. मग बंद. मी ब्लूला विचारलं तर म्हणाला, "तिथं पांढऱ्या चादरीवर त्याच्याशी काय बोलायचं ते कळत नाही." ते वाईट नाहीत आक्का. त्यांना त्या खोलीच्या बाहेर एकमेकांशी कसं वागायचं ते येत नाही. क्लॅरी मागच्या हिवाळ्यात गेला. त्याच्या स्टुलावर आता गव्हाच्या ट्रकचा एक ड्रायव्हर बसतो. त्याला कुणी उठवत नाही.

शर्लीबाईनं हॉटेल विकलं आणि मुलीकडं राहायला गेली. नव्या मालकानं जुगाराची यंत्रं बसवली. माणसं आता भिंतीकडं तोंड करून बसतात आणि बटणं दाबतात. रेल्वेचं स्टेशन बंद आहे. ब्लूची बायको त्याला सोडून गेली, एका शुक्रवारी गाडी बाहेर दिसली नाही एवढंच. तो आत येऊन बसला, त्यानं आपली पाळी दिली, आणि कुणी विचारलं नाही.

मी राहिलो आहे, कारण जायचं कुठं हे ठरवता आलं नाही. रोज तेवढेच बटाटे सोलतो. अर्धे उरतात.

तू स्वतः जेवतेस का? ते लिही. फोनवर सांगू नकोस.

धर्मा

---

धावडा
३० ऑक्टोबर २००२

धर्मा,

जेवते. तू काळजी करू नको.

लकवा झाल्यावर पहिले पंधरा दिवस पाहुणेरावळे येऊन गेले. मंग कोणी न्हाई. दिवसभर आम्ही दोघं. मी त्यांना उठवते, धुते, भरवते, पालथं-उताणं करते. ते माझ्याकडं बघतात. मी विचारते पाणी पाहिजे का, ते मान हलवतात. एवढंच बोलणं. जे माणूस घरात असावं म्हणून मी जन्मभर तळमळले ते माणूस आता दिवसरात घरात हाय, आन आम्हा दोघांना एकमेकांशी बोलता येत न्हाई. दार उघडं दिसलं की ते दाराकडं बघत राहतात.

तुझं पत्र आलं. ब्लूनं जे म्हणलं ते वाचून मी उठले आन कचरूच्या घरी गेले. तो दारात बसून बाजा पुसत व्हता. मला बघून उठून उभा राह्यला.

मी म्हणलं, "कचरूभाऊ, तुमचे सोबती आजारी हायेत. तुम्ही आले न्हाईत."

तो म्हणला, "वहिनी, तीनदा कोपऱ्यापर्यंत आल्तो. तुमच्या भीतीनं परत गेलो."

"मी काय करणार व्हते?"

"तुम्ही म्हणल्या असत्या, तूच पाजली."

धर्मा, मी तसंच म्हणणार व्हते. मी म्हणलं, "उद्या या. पिऊन येऊ नका."

दुसऱ्या दिवशी आला. अंघोळ करून, बँडचा लाल कोट घालून, बटणं लावून. त्याच्याकडं दुसरं चांगलं कापड नसंल. खाटेजवळ खुर्ची ठेवली. मी आत पीठ मळत व्हते. मंग कचरू काहीतरी हळू बोलला, आन धर्मा, मला हसण्याचा आवाज आला. वाकड्या तोंडानं, घोगरा, पण हसणंच. ह्या घरात तो आवाज मी कधी ऐकला व्हता ते मला आठवंना.

मला रडू आलं न्हाई. राग आला. एवढा राग आला की पिठात पाणी जास्त पडलं. जिनं घाण काढली तिच्यापुढं दगड, आन ह्याच्यापुढं हसू. मी बाहेर त्यांच्यापाशी जाऊन बसले. दोघं गप्प झाले. मी उठून आत आले तवा त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर कचरू रोज यायला लागला. मी चहा ठेवते आन आत येते. लग्नसराई नसली की त्याला काम न्हाई. हे ऊन कलायची वाट बघतात. जास्त जेवायलाही लागले.

काल कचरूला जाफराबादला मिरवणुकीची सुपारी व्हती. त्यानं सांगितलं व्हतं, पण ह्यांच्या ध्यानात राह्यलं न्हाई. ऊन कललं तसं हे दाराकडं बघायला लागले. मी म्हणलं, "आज न्हाई येणार तो." ऐकलं का न्हाई कळलं न्हाई, बघतच राह्यले. मंग तोंडाच्या एका बाजूनं म्हणले, "कोन... येनार?"

मी म्हणलं, "मी हाय की."

ते माझ्याकडं बघत राह्यले. मला काय सुधरंना. चुलीवर दूध व्हतं, ते उतरवून आले आन त्या खुर्चीवर बसले. मंग मी विचारलं, "तुम्ही दोघं काय बोलून हसता ते मला तरी सांगा."

मला वाटलं मान फिरवतील. पण त्यांनी सांगायला घेतलं. एक शब्द आला की दुसऱ्याला वेळ. कचरूचा बँड एकदा चुकून दुसऱ्याच गावच्या लग्नात गेला आन वाजवत बसला, मांडवातल्या लोकांना वाटलं मुलाकडच्यांनी आणला, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडच्यांनी, आन सगळ्यांनी त्यांना जेवायला घातलं. असं काहीतरी व्हतं. मधलं मला कळलं न्हाई, त्यांच्या तोंडातून लाळ गळत व्हती, ती मी पुसत व्हते. अंधार पडायला लागला. बाहेर नळाला पाणी आलं, शेजारच्या बायांनी हाका मारल्या, गिरजे, पाणी आलं, पाणी आलं. गोष्ट अजून संपली नव्हती. हसू यावं अशी गोष्ट व्हती. मला हसू आलं न्हाई. पण मी उठले न्हाई.

तुझी
आक्का